पहाटेचं दूध कालच्या तारखेला : एसक्यूलाइट सोडू की ठेवू?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी कऱ्हाड तालुक्यात राहतो आणि आसपासच्या गावांतल्या दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम लिहून देतो. सध्या एकतीस केंद्रं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक जुना पीसी, काटा, फॅटचं मशीन आणि स्लिपचा छोटा प्रिंटर. डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे पीसीवरची एकुलती एक फाइल.

पहिली तीन वर्षं कसलाही त्रास नव्हता, कारण प्रोग्राम एकच होता. आता तीन झालेत. एक काटा आणि मशीन वाचून नोंद टाकतो, दुसरा ऑपरेटरसमोरचा स्क्रीन, आणि तिसरा दर पाच मिनिटांनी नोंदी मुख्य ऑफिसच्या सर्व्हरला पाठवतो. तिन्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत.

पहाटे रांग लागलेली असते, बाया-बापे किटल्या घेऊन थंडीत उभे, आणि स्क्रीनवर येतं 'डेटाबेस इज लॉक्ड'. ऑपरेटर मला फोन करतो. पाच वाजता. बायको म्हणते, म्हशी पाळल्या असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं.

दुसरं दुखणं त्याहून विचित्र आहे. काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेला पडतात. सगळ्या नाहीत, काहीच. थंडीत हे कधी दिसलं नव्हतं, मार्चपासून सुरू झालं. कोड चार वेळा वाचला.

भागीदार म्हणतो, हे खेळणं टाक आणि पोस्टग्रेस, म्हणजे वेगळा चालणारा डेटाबेस सर्व्हर, बसव. मला पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. तुमचा अनुभव काय?

निमशहरी | सोमवार, रात्री १०:२०

पोस्टग्रेस. पुढचा धागा.

विषयांतर_प्रमुख | सोमवार, रात्री १०:२४

आधी उच्चार ठरवा. एसक्यूलाइट, सीक्वेलाइट की एस-क्यू-एल-आइट? ज्यानं बनवलं तो रिचर्ड हिप म्हणे शेवटचा उच्चार करतो, एखाद्या खनिजाचं नाव असावं तसा. बॉक्साइट, ग्रॅफाइट, एस-क्यू-एल-आइट.

माहुलीची | सोमवार, रात्री १०:४१

कोयनाकाठ, तीन गोष्टी सांगा. जर्नल मोड, म्हणजे फाइलीत लिहिण्याची पद्धत, कोणता ठेवलाय? टाइमआउट, म्हणजे लॉक असलं तर किती वेळ थांबायचं, तो किती दिलाय? आणि आदल्या तारखेला पडणाऱ्या नोंदी पहाटे साडेपाचच्या आधीच्या आहेत का?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ११:०५

जर्नल मोडला हात लावलेला नाही, जो असतो तोच. टाइमआउटही दिलेला नाही. तारखेचं बघून सांगतो.

बघितलं. सगळ्याच्या सगळ्या साडेपाचच्या आधीच्या. ५:३१ ची एकही नाही. ताई, पाय कुठं आहेत?

माहुलीची | सोमवार, रात्री ११:३०

पाय संगम माहुलीला आहेत, पण नमस्कार नको, मी स्वतः यात एक अख्खा एप्रिल घालवलाय.

एसक्यूलाइटला तारीख नावाचा प्रकारच नाही. तारीख मजकूर म्हणून ठेवा, आकडा म्हणून ठेवा, त्याला सगळं सारखंच. त्याला 'आत्ता किती वाजले' विचारलं की तो ग्रीनिचच्या हिशोबानं सांगतो. 'करंट टाइमस्टॅम्प' हा आपोआप पडणारा वेळेचा शिक्काही तसाच. आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे आपल्याकडं २१ तारखेचे पहाटेचे ५:१० वाजलेत, तेव्हा त्याच्याकडं २० तारखेचे रात्रीचे ११:४० झालेले असतात. थंडीत तुमची केंद्रं सहाला उघडत असणार, म्हणून दिसलं नाही. उन्हाळ्यात पाचला उघडायला लागली आणि अर्ध्या तासाचं दूध काल गेलं.

वाचताना 'लोकलटाइम' ही स्थानिक वेळेची सूचना लावून हे सुटतं, पण ते पीसीचा टाइम झोन बरोबर असेल तरच. मी दुधाच्या नोंदीत 'हजेरीची तारीख' आणि 'सकाळ/संध्याकाळ' हे दोन वेगळे रकाने ठेवते आणि ते प्रोग्राममधूनच भरते. वेळेचा शिक्का फक्त भांडण झालं तर बघायला.

सहज_वाचक | मंगळवार, सकाळी ६:५०

मला यातलं काही कळत नाही. मी तीन म्हशींचं दूध घालतो. एक विचारू का? आमचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. आता २१ तारखेला पहाटे मी पहिल्या नंबरला दूध घातलं आणि तुमच्या कम्प्युटरनं ते २० तारखेला टाकलं, आणि २० चं बिल तर रात्रीच निघालेलं. मग ते दूध गेलं कुठं?

कोयनाकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

दादा, तुमच्या प्रश्नानं हातातला चहा तसाच राहिला. ते दूध कुठल्याच बिलात नाही. आज बसून मार्चपासूनचं सगळं काढतो.

निमशहरी | मंगळवार, सकाळी ९:०२

हेच म्हणतोय. पोस्टग्रेसमध्ये टाइम झोनसकट तारखेचा प्रकार असतो. स्वस्तातलं घ्यायचं आणि मग पहाटे पाचला फोन घ्यायचे.

हरिपूरकर | मंगळवार, सकाळी ११:४०

निमशहरी साहेब, स्वस्त-महागाचा प्रश्न नाही हो. आमचं घर हरिपूरचं. सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांचं हळदीचं अडत दुकान आहे आणि दुकानाचा प्रोग्राम माझाच आहे. म्हणून आमच्या भाषेत सांगतो.

हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीखाली. वर तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच, आणि आत पोट मोठं. हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही की भाडं नाही. २००५ च्या पुरात बरीच गेली. तर एसक्यूलाइट म्हणजे पेव आहे. आत कितीही माल मावतो, वरून बघायला दहा जण वाकले तरी चालतं, पण उतरणार एका वेळी एकच. दुसऱ्यानं थांबायचं. थांबणार किती वेळ हे सांगितलं नाही तर तो लगेच बोंब ठोकतो, 'लॉक्ड' म्हणून.

आता माझी फजिती ऐका. दुकानात तीन कम्प्युटर. मी डोकं चालवून डेटाबेसची फाइल एका मशीनवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि बाकी दोघांना नेटवर्कवरून तीच उघडायला लावली. आठ महिने देवाच्या कृपेनं चाललं. मग ऐन सौद्याच्या दिवशी, तिघेही एकदम पट्ट्या करत होते, हमाली-तोलाई लावून, आणि स्क्रीनवर आलं 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', म्हणजे फाइलच बिघडली. बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे. वडिलांनी एक शब्द न बोलता कपाटातून लाल वही काढली. तो न बोललेला शब्द मला अजून ऐकू येतो.

मागाहून वाचलं. एसक्यूलाइट सगळी कुलूपकिल्ली ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइल-लॉकवर सोपवतं, आणि नेटवर्कच्या फोल्डरवर ही कुलपं नुसती दाखवायची असू शकतात. त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलंय की असं करू नका. एकाहून जास्त मशीन असतील तर मध्ये सर्व्हर पाहिजेच. मी तेव्हा दुकानापुरता मारियाडीबी हा सर्व्हरवाला डेटाबेस घेतला. पण कोयनाकाठचं तसं नाही, त्यांचे तिन्ही प्रोग्राम एकाच पीसीवर आहेत.

भडंगप्रेमी | मंगळवार, दुपारी १२:०५

लाल वहीला जर्नल मोड लागत नाही मर्दा. एक नंबर.

माहुलीची | मंगळवार, दुपारी १:२०

पेवाची उपमा चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

निमशहरी, पोस्टग्रेस उत्तमच आहे, मी रोज ऑफिसात तेच वापरते. पण गावातल्या पीसीवर ती सेवा चालू राहिली पाहिजे, पासवर्ड पाहिजे, आवृत्ती बदलताना डेटा हलवायला पाहिजे, आणि लाइट जाऊन आल्यावर सेवा उठली नाही तर ती कोण उठवणार? ऑपरेटरचं काम दूध मोजायचं आहे.

गंमत म्हणजे एसक्यूलाइट जन्मलं ते याच कारणानं. २००० सालच्या सुमारास हिप अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. मागं इन्फॉर्मिक्स या डेटाबेसचा सर्व्हर होता. सर्व्हर बंद पडला की याच्या प्रोग्रामच्या खिडकीत चूक दिसायची आणि बोलणी यालाच बसायची. म्हणून त्यानं ठरवलं, मधला सर्व्हरच काढून टाकू, प्रोग्राम थेट फाइल वाचेल. युद्धनौका काय आणि कोयनाकाठचं केंद्र काय.

विषयांतर_प्रमुख | मंगळवार, दुपारी १:३५

फरक इतकाच की युद्धनौकेवर पहाटे पाचला किटली घेऊन कोणी उभं नसतं.

याच गोतावळ्यातला एक किस्सा. एका अँटीव्हायरसमध्ये एसक्यूलाइट वापरलेलं होतं आणि ते लोकांच्या टेंप फोल्डरमध्ये 'एसक्यूलाइट' नावानं सुरू होणाऱ्या फायली टाकायचं. लोक नाव शोधून थेट एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनाच फोन करून झापायचे. शेवटी त्यांनी फाइलच्या नावात स्वतःचं नाव उलटं लिहिलं. तेव्हापासून फोन बंद. कोयनाकाठ, तुम्ही पण नाव उलटं करून बघा.

तासगावी | मंगळवार, दुपारी ३:१०

मोबाइलवाल्यांची व्यथा पण लिहून ठेवतो. बेदाण्याच्या सौद्यासाठी अँड्रॉइड ॲप केलं होतं. प्रत्येक लॉटच्या नमुन्याचा फोटो थेट डेटाबेसच्या रकान्यात टाकला. टाकताना काही अडचण नाही, पण वाचताना ॲप बसतं. अँड्रॉइड एक ओळ वाचायला जी खिडकी देतं ती साधारण दोन एमबीची, आणि हल्लीचे फोटो चार-पाचचे. एसक्यूलाइटची मर्यादा नाही ही, अँड्रॉइडची आहे, पण शिव्या मी एसक्यूलाइटला घातल्या. आता फोटो फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता.

अजून एक. अँड्रॉइड स्वतःचं एसक्यूलाइट घेऊन येतं आणि ते फोनगणिक जुनं-नवं असतं. 'असेल तर बदल, नसेल तर घाल' ही सोय एसक्यूलाइटला ३.२४ या आवृत्तीपासून आली. अँड्रॉइड ११ च्या आधीच्या फोनवर ती नाही. माझ्या फोनवर पळत होतं, व्यापाऱ्याच्या फोनवर पडत होतं. त्यानं मला बेदाण्याचा अर्धा किलोचा पुडा दिला आणि म्हणाला, खा आणि नीट कर.

टेस्टर_ताई | मंगळवार, दुपारी ३:४४

पुडा अर्धा किलोचा असेल तर बग परवडला.

हरिपूरकर | मंगळवार, सायंकाळी ५:३०

तासगावींच्या यादीला माझी जोड. मी एका टेबलात रकान्याचा प्रकार 'स्ट्रिंग' लिहिला. वाटलं, मजकूर म्हणजे स्ट्रिंग. एसक्यूलाइटला नावात 'टेक्स्ट', 'कॅर' किंवा 'क्लॉब' दिसलं तरच ते मजकूर धरतं. 'स्ट्रिंग' त्याला ओळखता येत नाही, मग ते आकड्याच्या गटात ढकलतं, आणि आत काय येईल ते आकड्यासारखं दिसलं तर आकडा करून ठेवतं. चूक दाखवत नाही, हे खरं दुखणं.

परिणाम काय? दुकानाच्या फोनचा ०२३३ नुसता २३३ झाला. बँकेच्या खात्यांचे पुढचे शून्य गेले. आणि कळस म्हणजे आमच्या गोदामांना ए ते एफ अशी अक्षरं आहेत. '१२ई३' म्हणजे बारावा सौदा, ई गोदाम, तिसरी थप्पी. प्रोग्राममध्ये अर्थातच इंग्रजी अक्षर. एसक्यूलाइटनं ते विज्ञानाच्या पुस्तकातल्यासारखं वाचलं, बारा गुणिले दहाचा तिसरा घात. थप्पी नंबर १२०००. हमाल म्हणाला, एवढ्या थप्प्या अख्ख्या सांगलीत नाहीत.

३.३७ या आवृत्तीपासून टेबलाला 'स्ट्रिक्ट' लावता येतं, मग असले चाळे बंद. २०२१ च्या आधीच्या टेबलांचं नशीब.

शुद्धलेखक | मंगळवार, रात्री ८:१५

धाग्यात कोणी 'कराड' लिहिलेलं नाही, सगळ्यांनी कऱ्हाड लिहिलंय, याबद्दल अभिनंदन.

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री ८:५०

शुद्धलेखक, तुम्ही नको त्या जखमेवर बोट ठेवलंत. 'कऱ्हाड' शोधलं की निम्मेच सभासद सापडतात. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

शुद्धलेखक | मंगळवार, रात्री ९:३०

दिसायला सारखे, पोटात वेगळे. तो अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. कळफलकाप्रमाणे लोक हे किंवा ते वापरतात. डेटाबेस बाइट बघतो, डोळे नाहीत. त्याला 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड' ही दोन गावं. युनिकोडचं, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचं, सारखी रूपं एक करणारं नेहमीचं सामान्यीकरणसुद्धा ते अदृश्य चिन्ह काढत नाही, म्हणून नोंद टाकतानाच स्वतः बदलून एकच रूप ठेवावं लागतं. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बिऱ्हाडे मंडळींचंही हेच.

क्रमवारीचं तर विचारू नका. एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमानं लावतं, तिथं ळ हा ल च्या शेजारी बसलेला. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणून काळे मंडळी कासारांच्या आधी येतात. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज च्या पोटात. मराठी क्रम पाहिजे असेल तर आयसीयू ही भाषांचे नियम जाणणारी लायब्ररी जोडा नाहीतर तुलनेचं फंक्शन स्वतः लिहून द्या.

टेस्टर_ताई | मंगळवार, रात्री ९:५२

शब्दशोधाचं एफटीएस वापरणाऱ्यांनीही जपून. त्याचा नेहमीचा शब्दतोड्या अक्षरं आणि आकडे हेच शब्दाचा भाग धरतो. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या युनिकोडमध्ये 'चिन्हं' आहेत, मग शब्द मात्रेपाशी तुटतो. 'पाटील'चे प, ट, ल. चिन्हांचे वर्गही शब्दात धर असं त्याला सांगता येतं, ते सांगायचं.

एकच_शंका | मंगळवार, रात्री १०:१०

रकान्याचं नाव दुहेरी अवतरणात चुकीचं लिहिलं तर एसक्यूलाइट ते नाव न समजता सरळ मजकूर समजतं आणि चूक दाखवत नाही. हे माझ्याच नशिबी आलं की अजून कोणाच्या?

माहुलीची | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांच्या. मजकुराला एकेरी अवतरण, कायम.

आता मूळ दुखण्याकडं येऊ का? कोयनाकाठ, वॉल मोड लावा. आत्ताच्या मोडमध्ये कोणी वाचत बसलं असेल तर लिहिणाऱ्याला शेवटची सही करता येत नाही. वॉलमध्ये नवं लिखाण बाजूच्या फाइलीत जातं, वाचणारे जुनं शांतपणे वाचत राहतात. ही सोय २०१० पासून आहे.

पण मला एक खटकतंय. पायथॉन न सांगताही पाच सेकंद थांबतो. म्हणजे तुमच्याकडं कोणीतरी पाच सेकंदांहून जास्त वेळ तोंड अडवून बसलंय. दुधाची एक नोंद लिहायला काही मिलिसेकंद पुरतात. मग बसलंय कोण?

निमशहरी | मंगळवार, रात्री १०:४०

वॉलबरोबर 'सिंक्रोनस नॉर्मल' पण करा, म्हणजे दर नोंदीला ती डिस्कवर पक्की उतरेपर्यंत थांबणं नाही. बराच वेग मिळतो. (हो, मीही वापरतो. मोबाइल ॲपमध्ये. कोणाला सांगू नका.)

हरिपूरकर | मंगळवार, रात्री ११:००

आली बाहेर मांजर.

माहुलीची | मंगळवार, रात्री ११:२०

निमशहरी, मोबाइलला ठीक, दुधाला नको. वॉल आणि नॉर्मल असताना लाइट गेली तर फाइल बिघडत नाही हे खरं, पण शेवटच्या काही नोंदी मागं फिरू शकतात. इथं स्लिप छापून शेतकऱ्याच्या हातात गेलेली असते. कागदावर दूध आहे आणि डेटाबेसमध्ये नाही, तर ऑपरेटरला गावात राहणं अवघड होईल. 'फुल' ठेवा. दोन किटल्यांमध्ये वीस सेकंद जातात, वेगाची घाई कोणाला आहे?

'ऑफ' तर कोणी नावही काढू नका. आमच्याकडं एकानं वेगासाठी ते केलं होतं. एका केंद्रावर लाइट गेली, फाइल मालफॉर्म्ड. तीन दिवस स्लिपांच्या कार्बन कॉपीवरून नोंदी टंकल्या, मी आणि तो. तो जास्त.

कोयनाकाठ | बुधवार, रात्री ९:४५

काल रात्री पाच केंद्रांवर वॉल लावलं. आज पहाटे आधीपेक्षा बरंच कमी, पण दोन केंद्रांवर लॉक्ड आलंच. टाइमआउट तीस सेकंद करून बघू का?

अजून एक गोंधळ झाला. एका ऑपरेटरला रोज डेटाबेसची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची सवय लावली होती. आज त्यानं नेहमीची एक फाइल घेतली आणि शेजारची 'वॉल' नावाची नवी फाइल कचरा समजून सोडली. नशीब, पुसली नाही. पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत आजची सकाळच नव्हती.

माहुलीची | बुधवार, रात्री १०:०५

चालू डेटाबेसची फाइल कॉपी करून बॅकअप होत नाही, वॉल असो वा नसो. बॅकअपची तयार सोय (एपीआय) आहे, पायथॉनमध्ये तर एका ओळीत जमतं. किंवा 'व्हॅक्यूम इंटू' करून नवी नेटकी फाइल काढा. ऑपरेटरच्या स्क्रीनवर एक बटण द्या आणि फाइलींचं फोल्डर त्याच्या नजरेआड करा.

टाइमआउट तीस कराल तर दुखणं तीस सेकंदांवर जाईल, बरं होणार नाही. सर्व्हरला नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रामचा क्रम सांगा. आधी काय, मग काय?

कोयनाकाठ | बुधवार, रात्री १०:३८

न पाठवलेल्या नोंदी वाचतो. प्रत्येकीवर 'पाठवली' अशी खूण करतो, मग ती नेटवरून पाठवतो, पुढची घेतो. सगळ्या झाल्या की शेवटी कमिट, म्हणजे बदल पक्के. मध्येच नेट गेलं तर सगळ्या खुणा मागं फिरतात, म्हणून असं केलं होतं.

लिहिता लिहिताच कळलं. हसू नका.

हरिपूरकर | बुधवार, रात्री १०:४५

पेवात उतरून फोनवर बोलत बसलाय गडी! तेही आत रेंज नसताना.

माहुलीची | बुधवार, रात्री ११:००

हेच. पायथॉनमध्ये पहिली खूण केली की तो न विचारता ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकगठ्ठा बदल, उघडतो, आणि तुम्ही कमिट म्हणेपर्यंत लिहिण्याची किल्ली त्याच्याच हातात. नेट चांगलं असेल त्या गावात दोन सेकंदांत आटोपतं. ज्या गावात नेट रांगत येतं तिथं चाळीस सेकंद. म्हणून ठरावीक केंद्रांवरच लॉक्ड येतंय. वॉलनं वाचणारे सुटले, लिहिणारा एकच राहतो.

क्रम उलटा करा. नोंदी वाचून बाजूला घ्या, वाचन संपवा, निवांत पाठवा. सर्व्हरची पोच आली की सगळ्या खुणा एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये. पोच येण्याआधी पीसी बंद पडला तर तीच नोंद दोनदा जाईल, म्हणून केंद्राचा कोड आणि नोंद क्रमांक मिळून सर्व्हरवर दुबार ओळखता आली पाहिजे. आणि जिथं वाचून मग लिहायचंच आहे, तिथं सुरुवातीलाच 'बिगिन इमिजिएट' म्हणा, म्हणजे लिहिण्याची किल्ली आधीच हातात. आधी वाचक म्हणून शिरून मग लेखक व्हायला गेलं आणि मध्ये कोणी लिहून गेलं असेल, तर टाइमआउट कितीही असो, एसक्यूलाइट तात्काळ नकार देतो.

टेस्टर_ताई | बुधवार, रात्री ११:१५

जाता जाता: पैसे अपूर्णांकात ठेवलेत का? दर पैशात, लिटर मिलीलिटरमध्ये, फॅट दशांशात, सगळे पूर्णांक. नाहीतर दहा दिवसांच्या बेरजेला एक पैसा इकडचा तिकडे होतो आणि एका पैशासाठी वार्षिक सभा होते.

कोयनाकाठ | बुधवार, रात्री ११:२२

पैसे अपूर्णांकातच आहेत. आता झोपू द्या ताई.

विषयांतर_प्रमुख | गुरुवार, सकाळी १०:००

कंदी पेढ्यावर कोणीच बोललं नाही. साताऱ्याचा धागा आहे ना हा?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

हिशोब देतो. पाठवणाऱ्या प्रोग्रामचा क्रम बदलला, सगळ्या केंद्रांवर वॉल आणि फुल, तारखेचे दोन रकाने वेगळे केले, बॅकअपचं बटण दिलं. शुक्रवारपासून चार पहाटा फोन नाही. आज सवयीनं पाचला उठून फोनकडं बघत बसलो. भागीदाराला हा धागा वाचायला दिला, त्याला पेव कळलं, बाकीचं कळलं म्हणतोय. पैसे पूर्णांकात आणणं आणि कऱ्हाडचं एकच गाव करणं बाकी आहे.

मार्चपासूनच्या हरवलेल्या नोंदी सापडल्या. १, ११ आणि २१ तारखांच्या पहाटेच्याच अडकल्या होत्या, बाकीच्या तारीख चुकून का होईना त्याच बिलात आल्या होत्या. फरकाचं बिल या दहा दिवसांबरोबर निघेल.

सहज_वाचक | मंगळवार, सकाळी ६:४०

केंद्रावर विचारलं. २१ तारखेचं साडेआठ लिटर सापडलं म्हणाले. आभारी आहे. पण फॅट सहाच लावलंय, माझ्या म्हशीला सातच्या खाली कधी लागत नाही. ते कुठल्या मोडमध्ये बघायचं?

कोयनाकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

दादा, ते मशीनचं. माझ्या फाइलीत येतं तेव्हा फॅट ठरलेलं असतं.